तळ कुठे टाकायचा?

'आतल्या गोटातली बातमी' आपण ऑफिसात रोज ऐकतो. अप्रेझल कधी, कुठली टीम हलणार, कोण पेपर टाकणार वगैरे. पण गोट म्हणजे काय? गोट म्हणजे लष्कराचा तळ. साताऱ्यात 'पंताचा गोट' आहे तो याच अर्थाने. 'बिनीचा फलंदाज' म्हणतो त्यातली बिनी म्हणजे फौजेची आघाडी. पाहुणे 'डेरेदाखल' होतात, म्हणजे मुळात डेऱ्यात, मोठ्या तंबूत येऊन पोचतात. पावसाळा एका जागी काढायचा असेल तर फौज 'छावणी' करायची. आपली भाषा दोन-तीनशे वर्षं तंबूतच राहत होती की काय, असं वाटावं इतके हे शब्द आहेत. आपण मात्र त्याला 'टेंट' म्हणतो आणि ऑनलाइन बुक करतो. असो.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे यंदाच्या मे महिन्याचा बेत. आमचं गाव चकलांबा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. नोकरीमुळे मी पुण्यात. आई-बाबा, ताई, तिची दोन चिल्लीपिल्ली आणि गावाकडून तात्या-काकू (माझे चुलते-चुलती) अशी वरात निघणार आहे. एक रात्र गोदावरीच्या काठी पैठणच्या बाजूला, मग घाट उतरून दोन रात्री कोकणात समुद्राजवळ. हॉटेल नको, तंबूच पाहिजे, ही बच्चे कंपनीची अट. जागा निवडायचं काम माझ्याकडे, कारण मी आयटीत आहे म्हणजे इंटरनेटवरचं सगळं मला कळतं अशी घरात समजूत आहे. मी आपली एक्सेल शीट उघडली आणि कॉलम पाडले : भाडं, रेटिंग, समुद्र दिसतो का, बार्बेक्यू आहे का. फोनवर तात्यांना थोडं वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प आणि मग म्हणाले, "आरं, पैसे देऊन पालात ऱ्हायला जायचं व्हय?"

तात्यांचा प्रश्न विनोदी वाटला तरी इतिहासाला धरून आहे. मौजेसाठी तंबूत राहणं ही गोष्ट जगातच फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये सायकलवरून कॅम्पिंग करणाऱ्यांची पहिली संघटना १९०१ ची. तिच्या मागे असलेला थॉमस हायरम होल्डिंग हा पेशाने शिंपी, त्याचं कॅम्पिंगचं हँडबुक आलं १९०८ साली. म्हणजे घर असलेल्या माणसाने मुद्दाम घराबाहेर झोपायची हौस जेमतेम सव्वाशे वर्षांची. त्याच्या आधी आणि नंतरही आपल्या मुलखात नदीकाठी आणि समुद्राकडे कुटुंबकबिल्यासह तळ टाकून राहणारे लोक होतेच. ते हौसेने जात नव्हते इतकंच. मग त्यांची जागा कोण निवडायचं, आणि निवडताना काय बघायचं? माझ्या एक्सेल शीटपेक्षा हा प्रश्न मला जास्त रंजक वाटला, आणि शनिवार-रविवार त्यातच गेले.

पहिला माणूस बिनीवाला. थॉमस ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर राजपुतान्यात फिरत होता. रेसिडेंटच्या सोबतच्या तुकडीचा तो प्रमुख. त्याने भावाला लिहिलेली पत्रं १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने छापली गेली. मराठा लष्करातलं रोजचं जगणं बघायचं असेल तर हे पुस्तक जरूर चाळावं (साहेबी तुच्छता गाळून घ्यावी लागते, ती भरपूर आहे). तो सांगतो की लष्कर हलायच्या आधी बिनीवाला पुढे जायचा आणि नव्या जागेवर एक लहानसं पांढरं निशाण रोवायचा. तिथे महाराजांचे डेरे. मग एकेका बाजाराची निशाणं लागायची, आणि प्रत्येक बाजाराची जागा डेऱ्यांच्या हिशेबाने रोज तीच. दुकानांच्या समोरासमोर दोन रांगा, मधून रस्ता, असा हा कापडाचा गाव कधीकधी तीन-चार मैल लांब पसरायचा.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. हे सरळसरळ रिलेटिव्ह अॅड्रेसिंग आहे! मूळ बिंदू रोज बदलतो, पण त्याच्यापासूनचं अंतर बदलत नाही. त्यामुळे दिवसभर चालून थकलेल्या बाईला आपलं बिऱ्हाड आज कुठे आहे हे विचारत फिरावं लागत नाही. बाई म्हटलं ते मुद्दाम. मराठा लष्कर म्हणजे फक्त शिपाई नव्हेत. बायका, पोरं, वाणी, लोहार, भिक्षुक, सगळं गावच बरोबर. पानिपताच्या मोहिमेत १७६०-६१ ला यात्रेकरू आणि कुटुंबं किती होती आणि त्यांचं काय झालं हे आपण शाळेत वाचलेलंच आहे. एवढ्या लोकांच्या पाण्याची, चाऱ्याची, सरपणाची जबाबदारी जागा निवडणाऱ्यावर. म्हणून ते हुद्द्याचं काम होतं. माधवराव पेशव्यांच्या काळात १७६९ ला उत्तरेत निघालेले विसाजी कृष्ण बिनीवाले आपल्याला नावाने माहीत आहेत, आणि आडनाव तर आजही आहे. मुख्य म्हणजे बिनीवाला स्वतःही त्याच तळावर झोपायचा. जागा ओली निघाली तर त्याचंही अंथरूण भिजणार. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची अट हीच. आजच्या बुकिंग साइटवर जागेला चार तारे देणारा माणूस तिथे कुठल्या ऋतूत झोपला होता हे कळायला मार्ग नसतो.

जागा चुकली, किंवा नदी ओलांडायची वेळ चुकली, तर काय होतं याचं उदाहरण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. ते आमच्या तालुक्यातच आहे. गोदावरी ही गेवराई तालुक्याची उत्तरेकडची शीव, आणि तिच्या काठी राक्षसभुवन. लोक आता तिथे शनीच्या दर्शनाला जातात. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणं लुटलं होतं, आणि तिकडे मराठे निजामाच्या मुलखात लूट करत फिरत होते. पाऊस सुरू झाल्यावर निजाम अली औरंगाबादेकडे निघाला. वाटेत गोदावरी, तीही ऑगस्टमधली. निजाम स्वतः काही फौजेसह पैलतीरी गेला आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडेच, दक्षिण काठावर राहिला. जानोजी भोसल्यांना मराठ्यांनी आधीच फोडलेलं होतं. १० ऑगस्ट १७६३ ला राघोबादादा आणि तरुण माधवराव या अर्ध्या फौजेवर तुटून पडले. लढाईत राघोबादादा वेढले गेले होते, त्यांना माधवरावांनी सोडवलं. विठ्ठल सुंदर मारला गेला. निजाम पलीकडच्या काठावर होता, मधे पुराचं पाणी, आणि त्याला काहीही करता आलं नाही.

माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे होते. आम्ही अठराव्या वर्षी एम-थ्रीच्या केटीची काळजी करत होतो. :)

इतिहासाच्या पुस्तकात ही लढाई माधवरावांच्या पराक्रमाची म्हणून येते, आणि ते बरोबरच आहे. पण ती गोदावरीचीही गोष्ट आहे. बिऱ्हाड अर्धं अलीकडे आणि अर्धं पलीकडे ठेवून नदीकाठी रात्र काढू नये. आमच्या ट्रिपला शत्रू नाही, पण दोन गाड्या आहेत.

राहिला प्रश्न उन्हाळ्यातल्या गोदावरीचा. पैठणचं जायकवाडी धरण १९७६ ला पूर्ण झालं, तेव्हापासून खालच्या नदीचा उन्हाळा धरणाच्या हातात गेला. आपेगाव, हिरडपुरीसारख्या बंधाऱ्यांच्या मागे पाणी अडलेलं असतं, बाकी ठिकाणी डबकी आणि वाळू. बरेच ठिकाणी वाळूही उपसून नेलेली, त्यामुळे पात्रात मोठमोठे खड्डे. वरून पाणी सोडलं की कोरडं पात्र वाहू लागतं. फाल्गुनात, नाथषष्ठीला, पैठणला दिंड्या येतात तेव्हा वाळवंटात राहुट्या पडतात, कीर्तनं होतात. लहान मुलांसह नदीकाठी राहण्याचा आमच्या भागातला हा सगळ्यात जुना आणि आनंदाचा प्रकार. पण तिथे हजारो माणसं असतात आणि सगळं प्रशासन नदीकडे डोळे लावून बसलेलं असतं. मे महिन्यात एकट्या कुटुंबाने त्याच वाळूत तंबू ठोकणं वेगळं. म्हणून शीटमधल्या 'अगदी पात्रात, चांदण्याखाली' अशा जाहिरातीच्या दोन जागा मी खोडल्या. काठाच्या वरचं, आंब्याची झाडं आणि विहीर असलेलं एक शेत ठेवलं.

आता समुद्राकडची वाट. ती तर आपल्या आधी मेंढरांनी पाडून ठेवलीय. सातारा, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यातले मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि उन्हाळा सरता सरता, पावसाच्या आधी वर परततात. कोकणचा पाऊस मेंढराला सोसत नाही. अनेक कुटुंबं एकत्र चालतात, त्याला म्हणतात वाडा. भात कापून झालेल्या खाचरात रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंडी-मुताचं खत शेतकऱ्याला, त्या बदल्यात धान्य किंवा पैसे धनगराला. म्हणजे मुक्कामाचं भाडं पाहुणा देत नाही, पाहुण्यालाच मिळतं! हा बिझनेस मॉडेल मला भयंकर आवडला. अर्थात तो मेंढरं असतील तरच चालतो.

पुढच्या तळाची बोलणी आधीच जाऊन करून ठेवलेली असतात. रोजची उठाठेव मात्र बायकांकडे. पुरुष मेंढरांमागे रानोमाळ, आणि बायका घोड्यावर संसार लादून, वर पोर आणि कोंबड्या बांधून, नव्या जागी जाऊन चूल मांडणार. वर्षातून कितीतरी वेळा घर उठवायचं आणि मांडायचं. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांमध्ये वर्षानुवर्षं फिरून बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबावर पुस्तक लिहिलं (मूळ जर्मन १९७६, इंग्रजी १९८९). त्यातून लक्षात येतं की देवसुद्धा कळपाबरोबर तळ हलवतात. पुरंदर तालुक्यातल्या वीरचा म्हस्कोबा हा आमच्या मराठवाड्यातल्या, परांडा तालुक्यातल्या सोनारीहून कमळाजी धनगराच्या भक्तीमुळे नीरा नदीच्या खोऱ्यात आला, अशी कथा आहे. जिथे पाणी, चारा आणि बरी माणसं मिळाली तिथे देवही थांबला.

इथपर्यंत मी खुशीत होतो. मग तात्यांचा तो प्रश्न पुन्हा आठवला.

आमच्या गेवराई, शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी या भागात 'तळ' हा शब्द लष्करी नाही आणि पर्यटनाचाही नाही. तळ म्हणजे ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की मुकादम ट्रक-ट्रॅक्टर घेऊन येतो, उचल घेतलेली माणसं बिऱ्हाड भरतात आणि प्रवरा, नीरा, कृष्णा, पंचगंगेच्या काठच्या साखरपट्ट्यात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसं मोजायची पद्धतच अशी. १९५० च्या सुमाराला प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी कारखाना सुरू झाला, पुढे कारखाने वाढत गेले. १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्याकडची ही वाट आणखी रुळली. तिथे राहायला कोपी : बांबू, चटई, प्लॅस्टिक, त्रिकोणी आकार, वाकून आत जायचं. थंडीत गेलेली माणसं उन्हाळ्यात पट्टा पडला की परत. सहा महिने नदीच्या खोऱ्यात, सहकुटुंब, तंबूत. जाहिरातीतले सगळे शब्द लागू पडतात.

तात्या-काकूंनी असे बरेच हंगाम केले. त्यात बाबांचं शिक्षण झालं, म्हणून माझं झालं. हे घरात कोणी बोलून दाखवत नाही, पण मला माहीत आहे. ऑफिसात 'तुझं नेटिव्ह कुठलं?' विचारतात तेव्हा मी बीड सांगतो आणि समोरचा म्हणतो 'अच्छा, दुष्काळी'. विषय तिथेच संपतो.

कोपीचा तळ कुठे टाकायचा हे कोपीत झोपणारं माणूस ठरवत नाही. कारखाना ठरवतो, मुकादम ठरवतो, तोड कुठे लागली त्यावर ठरतं. बिनीवाल्याला जे अधिकार होते आणि धनगराला शेतकऱ्याशी घासाघीस करायची जी सोय आहे, त्यातलं काही काकूंच्या वाट्याला आलं नाही. मिळाली ती पडीक जागा. पाणी लांब, उजेड नाही, आडोसा नाही, आणि पहाटे तीन-चारला उठून उसात.

म्हणून मी काकूंना फोन लावला आणि म्हणालो, "काकू, कोकणातली जागा तुम्ही ठरवा." आधी 'मला काय कळतंय त्यातलं' झालं. मग मी जागेच्या मालकाला कॉन्फरन्सवर घेतलं. माझ्या शीटमध्ये एकूण बारा कॉलम होते. काकूंनी विचारलं, "पान्याला किती लांब जावं लागतंय? संडास हाय का, आन् राती तिथपातूर लाइट हाय का? जिमीन कुनाची, तुमची का दुसऱ्याची? राती कुनी उठवायला येनार न्हाई ना?" यातला एकही प्रश्न माझ्या बारांत नव्हता. पहिल्या मालकाने 'मॅडम, एकदम नॅचरल एक्स्पीरियन्स आहे' असं सांगितलं. काकू म्हणाल्या, "म्हंजी संडास न्हाई." जागा रद्द.

मधे एक शब्द राहिला, छावणी. पेशवाईत ती पावसाळ्याची, आमच्याकडे उन्हाळ्याची. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात चारा छावण्या पडल्या तेव्हा जनावरांबरोबर माणसंही तिथेच राहिली. बाजल्या, चूल, कडब्याच्या आडोशाला म्हातारी माणसं, दावणीशेजारी अभ्यास करणारी पोरं. जागेची अट एकच : पाण्याचा टँकर आणि चाऱ्याची गाडी पोचली पाहिजे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या फौजेची गरज वेगळी नव्हती. घोड्याच्या जागी बैल आले एवढंच.

समुद्राचं गणित मात्र आम्हा देशावरच्या लोकांना नवीन. वाळूवर भरतीची रेघ दिसते, सुकलेला कचरा आणि शिंपले जिथे अडकलेले असतात ती. पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी रोजच्यापेक्षा वर येतं. भरतीची वेळ काढायला कोकणात एक झकास सूत्र आहे : तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, सूत्र ४५ मिनिटं धरतं. तोंडी हिशेबाला एवढा फरक चालतो. घड्याळ नसलेल्या माणसाने लिहिलेला हा अल्गोरिदम आमच्या कित्येक कोडपेक्षा सुटसुटीत आहे. म्हणून तारीख ठरवताना सुट्ट्यांच्या कॅलेंडरशेजारी पंचांग ठेवलं. आणि मेचा पहिला पंधरवडाच धरला, कारण तौक्ते वादळ १६-१७ मे २०२१ ला कोकण किनाऱ्याजवळून गेलं आणि निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. सुरूच्या बनात तंबू फोटोला छान, पण निसर्गमध्ये झाडं कशी पडली ते श्रीवर्धनकडच्या लोकांना विचारा.

कोकणातल्या उन्हाळी तळाबद्दलचा सगळ्यात चांगला कागद आहे शिवाजी महाराजांचा. राज्याभिषेकाच्या आसपासचा, १६७३-७४ चा उन्हाळा. चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या खोऱ्यात, घोडदळ पावसाळ्यासाठी तळ देऊन होतं. तिथल्या अंमलदारांना लिहिलेलं हे पत्र. पहिला भाग दाणा-वैरणीचा : पावसाळ्यासाठी साठवलेलं आत्ताच उधळलंत तर पुढे घोडी मरतील, मग तुम्ही रयतेच्या भाजी-लाकडाला हात लावाल, आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. हा भाग सगळ्यांना माहीत असतो, भाषणांत येतो. मला त्यापेक्षा दुसरा भाग आवडतो. तो आगीचा आहे. गवताच्या खोपटांच्या तळावर कोणी चूल पेटवेल, कोणी तंबाखू ओढेल, कोणी रात्री दिवा तसाच ठेवेल आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल. एक खोप पेटली की सगळ्या जळतील, गंजी जळतील, घोडी जळतील. राज्याभिषेकाची धामधूम चालू असेल नसेल, पण उंदराने वात नेण्यापर्यंतचा विचार त्या माणसाने केलेला आहे. आमच्याकडे याला एज केस म्हणतात आणि ती कोणी लिहीत नाही.

हे वाचल्यावर उरलेल्या तीन जागांना मी एकच फोन केला : शेकोटी कुठे करता? एकाने सांगितलं, गवती झोपड्यांच्या बरोबर मधोमध, फोटो मस्त येतात. ती नावं खोडून झाली. आता दोन उरल्यात, आणि त्यातली विहीर कुणाची जवळ आहे ते काकू उद्या विचारणार आहेत.